महिपती सुतारांचे फ्रेंच

समोरच्याचे मन न मोडणे याला आपल्या जुन्या ग्रंथकारांनी दाक्षिण्य म्हटले आणि त्याची गणना नायकाच्या गुणांत केली. लाकडाला पॉलिश करणाऱ्या माणसाच्या ठायी तो गुण आढळेल, ही शक्यता त्यांनी विचारात घेतलेली दिसत नाही.

महिपती सुतार १९७१ साली दोह्याला आले. अल नस्रमधील कंपनीच्या बराकीत ते राहत आणि श्रीमंतांच्या सागवानी दारांना फ्रेंच पॉलिश करीत. कचेरीच्या नोंदवहीतला रकाना अरुंद होता. त्यांच्या नावापुढे ‘फ्रेंच’ एवढेच मावले.

१९७८ साली मायदेशी परतणाऱ्या एका फ्रेंच अभियंत्याने आपल्याकडील जुन्या विनोदी चित्रपटाची रिळे बराकीला दिली. शुक्रवारचे खेळ लावणारा कारकून कमाल हा रत्नागिरीचा. “या वेळीही माणसं उठून गेली तर तुझे खेळ खलास,” असे कंपनीच्या साहेबांनी त्याला बजावले होते. ऐंशी मराठी माणसांना आठवड्याचा विरंगुळा तेवढाच. चित्रपट मराठीत समजावून सांगणारा कोणी मिळावा म्हणून कमालने नोंदवही उघडली आणि महिपतींना गाठले.

“दादा, तुम्हाला फ्रेंच येतं ना?”

“येतं की. सात वरसं हितं त्येच करतोय.”

शुक्रवारी हाती ध्वनिक्षेपक आला, तेव्हा महिपतींना घोटाळा उमगला.

“कमालभाई, माझं फ्रेंच लाकडाचं हाय.”

कमाल पांढरा पडला. “दादा, साहेबांना आता काय तोंड दाखवू?”

महिपतींनी ध्वनिक्षेपक तोंडाशी धरला. “लावा,” ते म्हणाले.

पडद्यावर एक शिंपी आणि एक राजदूत अगदी एका चेहऱ्याचे होते, आणि सारे जग एकाला दुसरा समजत होते. महिपतींनी आरंभीच सांगितले, “मंडळी, मला ह्यातलं अक्षर कळत न्हाई. दिसंल तसं सांगतो.” हे चित्रपटातलेच वाक्य असावे असे समजून मंडळी हसली. शिंप्याला त्यांनी ‘आपला’ म्हटले, राजदूताला ‘साहेब’.

“दादा, आत्ता मुस्काटात खाल्ली तो कुठला?” मागच्या रांगेतून बराकीतला इब्राहीम ओरडला.

“खाल्ली म्हंजी आपलाच.”

“आणि हा सलाम घेतोय तो?”

“त्योबी आपलाच. चुकून.”

कंपनीच्या साहेबांनी दारातून डोकावून रिकामी खुर्ची शोधली. एकही नव्हती.

पुढे तुर्की, इटालियन, जे चित्रपट आले ते महिपतींकडेच आले. त्यांनी कोणालाच नकार दिला नाही. मात्र नोंद दुरुस्त करावी असा अर्ज तेवढा केला. कचेरीने समासात ‘व इतर भाषा’ अशी भर घातली.

१९८३ साली अल नस्रमध्येच ते वारले. मागे पत्नी केसरबाई व दोन मुली आहेत. शुक्रवारचे खेळ त्यानंतर चार वर्षे चालले.