सरकारांच्या टेबलावरचा गुलाब

राजवाड्याची गोष्ट म्हटल्यावर सरसावून बसलात ना? बसा, पण राजा येणार नाही. लालबागला फुलं विकणारा एक म्हातारा येईल. पूर्वी तो एका संस्थानिकाच्या गावाबाहेरच्या बंगल्यावर माळी होता.

"थोरल्या सरकारांनी शिकारीपुरत्या चार खोल्या बांधल्या," तो सांगायचा. "राणीसाहेबांना तिथं करमेना, म्हणून बाग केली. मग संस्थान गेलं, कारंजं आटलं, बंगल्यात कचेरी आली."

रोज सगळ्यात देखणा गुलाब तो ओल्या फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवायचा. गिऱ्हाईकाने मागितला तरी म्हणायचा, "तो सरकारांच्या टेबलावरचा."

तेव्हा संयुक्त महाराष्ट्राच्या सभा जोरात होत्या आणि पुढाऱ्यांच्या नकला करून मी अख्खी चाळ हसवायचो. एकदा म्हाताऱ्याच्या पाठीमागे जाऊन मी भारदस्त आवाज काढला, "माळी, आमचा गुलाब आण!"

तो ताडकन उठला. धोतराला हात पुसले, गुलाब दोन्ही हातांवर धरला आणि मान खाली घालून वळला. मग वर बघितलं, तर मी.

मला हसूच येईना.

"गाढवा," तो ओरडला, "सरकारांनी गुलाब कधी मागितला नाही! चहा गार व्हायचा, पण माझी वाट बघत बसायचे!"