उभ्याने वाट पाहणारे

न्हाणीघराचं छत गळत होतं, म्हणून बायकोने मला गवंडी आणायला पिटाळलं. वाटेत एका फाटकापाशी दहा-बारा माणसं ओळीने उभी दिसली. मजुरांचा नाकाच हा, असं समजून मी ऐटीत ओरडलो, "गवंडी आहे का कुणी? छत गळतंय!"

सगळेच धावले. मागून एक बाई कडाडल्या, "अहो काका, हे सरकारी प्रशिक्षण केंद्र आहे! बांधकामं बंद पडून यांचं काम गेलं, म्हणून लिफ्टदुरुस्ती शिकवतोय. आज परीक्षा आहे. पास झाले तर नोकरी मिळेल!"

मी ओशाळलो. "मग आत खुर्च्या असताना बाहेर का उभे?"

"सवय हो," पांढऱ्या मिशांचा एक गवंडी हसला. "बसलेल्याला काम कोण देतं?"

मी तर जन्मभर बसूनच पगार घेतला. सरकार यांच्या हातांना नवं काम शिकवेलही, पण पायांना बसायला कोण शिकवणार?

तो मिशाळ गवंडी अजून घुटमळतच होता. आजची रोजी सोडवत नव्हती. "साहेब, गळतीचं काम उद्यापर्यंत थांबेल?"

"थांबेल की!"

तो आत जाऊन बसला.

आता घरी बादलीत थेंब पडताहेत, बायको बोलतेय, आणि मी उभा आहे.