देवाच्या विहिरीतलं औषध

पोलादपूरकडच्या आमच्या वाडीत विहिरींत जंतुनाशक पावडर टाकायचं पंचायतीचं काम शेजारच्या वहिनींकडे आहे. तोंडाला पदर बांधून त्या बादलीत पावडर कालवतात, गाळ खाली बसू देतात आणि वरचं निवळ पाणी विहिरीत सोडतात. कुणी कुरकुर केली की सगळं ऐकून घेतात, मग विचारतात, "झालं बोलून?" आणि काम पुढे चालू.

देवळाजवळच्या विहिरीत मात्र कधी पावडर पडली नव्हती, कारण शिमग्यात देवाची आंघोळ त्याच पाण्याने होते. यंदा शिमग्याला मुंबईकर आले आणि घरोघरी जुलाब सुरू झाले. वहिनी बादली घेऊन तिथे गेल्या, तर गावकीची माणसं आडवी आली.

"देवाच्या पाण्यात हे टाकलंस, तर पालखी तुझ्या दारात येणार नाय गो," म्हातारा मानकरी म्हणाला.

"झालं बोलून? देवाला जुलाब होत नायत, पोरांना होतात." आणि त्यांनी बादली ओतली.

घरोघर फिरणारी पालखी खरंच त्यांचं दार टाळून आमच्या अंगणात आली. वहिनी ओटीचं ताट घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. मला देवाकडे बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याला गेले, तर देवाच्या विहिरीला पावडरीचा पुन्हा ताजा वास येत होता.