बाबांचे बूट रॅकमध्येच होते

इथे आखातात, खलिफा सिटीत, आमच्या मागच्या गल्लीत, लाँड्री आणि ग्रोसरीच्या मध्ये, एक छोटंसं जपानी रेस्टॉरंट आहे. वयस्कर नवरा-बायको दोघंच चालवतात. तो काउंटरमागे उभा राहून सुशी बनवतो, ती वाढते. आत एक लाकडी ओटा आहे. बूट रॅकमध्ये ठेवायचे आणि बुटक्या टेबलापाशी मांडी घालून बसायचं.

आई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात बाबा पुण्याहून पहिल्यांदा आमच्याकडे आले, तेव्हा त्यांना तिथे नेलं होतं. सगळी नोकरी पॉलिटेक्निकमध्ये इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवण्यात गेलेला माणूस, हात विलक्षण स्थिर. चॉपस्टिक्स घेतल्या आणि थोड्या वेळात भाताचं एकेक शीत उचलून दाखवायला लागले. मालकीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मुलीच्या ताटलीतला वसाबीचा हिरवा गोळा त्यांनीच बाजूला सारला होता. "दिसते चटणीसारखी, पण नाकातून धूर काढते हो ही!"

पुढच्या जूनमध्ये ते पुन्हा आले. त्याआधी वहिनी फोनवर म्हणाली होती, "बाबा हल्ली जरा गप्प असतात." मला वाटलं, आईची आठवण येत असेल. आल्यावर दोन-तीन दिवसांनी मी त्यांना पॅसेजमध्ये बघितलं. एकेका दाराच्या मुठीवर हात ठेवत होते, पण उघडत एकही नव्हते. मला पाहून हसले. "घर मोठं आहे गं तुमचं." मीही हसले.

शनिवारी दुपारी आम्ही चौघं जेवायला गेलो. बाहेर धुळीने आकाश पिवळट झालं होतं आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आतही आमच्याशिवाय कुणी नाही. मालकीणबाईंना बाबा लगेच आठवले. "पापा-सान!" म्हणत त्या वाकल्या. बाबाही वाकले, पण ती नवीन माणसाची ओळख करून घेतानाची अदब होती.

ताटल्या आल्या. बाबांनी चॉपस्टिक्स उचलल्या, एकेका हातात एकेक धरली आणि तशीच धरून बसले. मग आमच्याकडे न बघता त्या खाली ठेवल्या आणि हाताने खायला सुरुवात केली. "सुशी हातानेच खायची असते, बरोबर आहे बाबांचं," माझा नवरा म्हणाला. त्यानंतर बाबांनी वसाबीचा अख्खा गोळा उचलला आणि तोंडात टाकला.

"आजोबा, नो! दॅट्स वसाबी!" मुलगी ओरडली.

बाबांचे डोळे लाल झाले, कपाळावरची शीर फुगली. पण त्यांनी तो थुंकला नाही, पाणी मागितलं नाही. शांतपणे चावून गिळला. "चटणी छान आहे," म्हणाले.

मुलगी खिदळली. "पापा-सान, स्ट्राँग!" म्हणत मालकीणबाईंनी दाद दिली. नवराही हसला. मी मात्र बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होते. आपलं काय चुकलं हे त्यांना कळलं नव्हतं. काहीतरी चुकलंय एवढंच कळलं होतं, आणि ते आम्हाला दिसू नये म्हणून त्यांची धडपड चालली होती.

थोड्या वेळाने ते हात धुवायला उठले. मुलीला दुसरी डिश हवी होती, ती मागवली, आली. बाबा आले नाहीत.

"बघून येतोस का?" मी नवऱ्याला म्हटलं.

तो परत आला. "बाथरूममध्ये नाहीत."

मी रॅककडे बघितलं. बाबांचे काळे बूट जागच्या जागी होते. "म्हणजे आतच असतील," नवरा म्हणाला. पण त्या एवढ्याशा जागेत आत म्हणजे कुठे? काउंटरमागच्या मालकाने सुरी खाली ठेवली आणि किचनमध्ये डोकावला. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं.

बाहेर पाऊल टाकलं तर गरम हवा तोंडावर आदळली. मागचं पार्किंग रिकामं, डांबर चकाकत होतं. मी "बाबा, बाबा" ओरडत होते. नवरा एका बाजूला पळाला, मालक एप्रनसकट दुसऱ्या बाजूला. मला ते पार्किंगच्या पलीकडच्या टोकाला दिसले. कुणाच्या तरी पांढऱ्या गाडीच्या दाराशी, अनवाणी. दार ओढत होते. एक पाय उचलायचे, तो टेकवून दुसरा उचलायचे, पण जागा सोडत नव्हते.

"बाबा, अहो पाय भाजतायत! चला!"

"ड्रायव्हर कुठे गेला बघ जरा," ते मला म्हणाले. "कॉलेज भरेल आता."

नवऱ्याने त्यांना पाठीवर घेतलं. हॉस्पिटलात तळपायांच्या फोडांना ड्रेसिंग केलं. डॉक्टरीणबाई मल्याळी होत्या. त्यांनी बाबांना हिंदीत सहज म्हणून चार प्रश्न विचारले. बाबा प्रत्येक प्रश्नावर हसून म्हणायचे, "ये तो आप मेरी बेटी को पूछिए." बाईंनी मला बाजूला घेतलं. "हे आजचं नाही. बरेच दिवस लपवतायत ते." पुढच्या आठवड्यात स्कॅन झाले आणि ज्याची भीती होती तेच निघालं.

पाय भाजले त्याच संध्याकाळी घरी बाबा सोफ्यावर पाय वर घेऊन बसले होते. माझ्या नवऱ्याने त्यांना चहा दिला. त्यांनी कप घेतला, नवऱ्याकडे निरखून पाहिलं आणि अगदी आदराने विचारलं, "आपण कुठले?"

नवरा त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसला. "मी साताऱ्याचा."

"अरे वा," बाबा म्हणाले. मग दोघं बराच वेळ साताऱ्याबद्दल बोलत बसले. मी किचनमध्ये उभी राहून ऐकत होते. मुलगी येऊन मला चिकटली. "मम्मा, व्हाय इज आजोबा टॉकिंग लाइक दॅट?"

फोड बरे झाल्यावर दादा येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेला. आता रोज व्हिडिओ कॉल होतो. अजून मला ओळखतात, बहुतेक दिवस. तरी स्क्रीनवर त्यांचा चेहरा दिसला, की ते काही बोलायच्या आत मी घाईघाईने म्हणते, "बाबा, मी. तुमची धाकटी."