माझ्या पोरीला खाली बसवलं

"उठ गं. तू खाली बस. हिला बसू दे."

बाईंनी हे माझ्यासमोर सांगितलं. सायली डबा विसरली म्हणून मी वर्गाच्या दारात उभी होते. तिसरीतली माझी पोर दप्तर छातीशी धरून उठली आणि फळ्याखालच्या चटईवर जाऊन बसली. चटईवरची सगळी पोरं आमच्या गावातली. बाकावर बसली ती टॉवरमधली नवी मुलगी. तिचा काय दोष? तीही घाबरलेलीच होती.

सुकापूर आमचं. या शाळेखाली आमचं भाताचं खाचर होतं, ते माझ्या सासऱ्यांनी शाळेला फुकट दिलं. तेव्हा आजूबाजूच्या बिल्डिंगा तीन-चार मजली. मग बिल्डिंगांच्या उंचीचा नियम बदलला. बावीस-बावीस मजले चढले. लिफ्ट आली, पोहायचा तलाव आला. शाळेत एक खोली वाढली नाही. पाचवीचा वर्ग व्हरांड्यात. संडासापुढं एवढी रांग, की सायली शाळेत पाणीच पीत नव्हती.

पालकांच्या सभेत मुख्याध्यापक म्हणाले, "गावातल्या मुलांनी दुपारच्या पाळीला यावं. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये."

टॉवरच्या सोसायटीचे अध्यक्ष पुढच्या खुर्चीवर होते. मागे वळून म्हणाले, "त्यांना उन्हाची सवय आहे. आमच्या मुलांना नाही."

लोक हसले. शिकलेले लोक. खळखळून.

शेजारी बसलेले सासरे हात जोडून उठायला लागले. जन्मभराची सवय. मी त्यांचे हात धरले. खाली केले.

"नाय आबा. हात जोडायचे नाय."

मग मीच उठले.

"आमची पोरं सकालीच येनार. बाकावरच बसनार. जागा नाय तर बावीस मजले कोनी चढवले, त्याला इचारा."

"मॅडम, आवाज खाली," अध्यक्ष म्हणाले.

"पोरगी खाली, आवाज खाली. आनखी काय काय खाली?"



टॉवरच्या नकाशात शाळेसाठी एक जागा सोडलेली होती. तिथं बिल्डरनं फ्लॅट विकायचं काचेचं ऑफिस थाटलंय. सोमवारी आम्ही गावातल्या बाया पोरांना घेऊन तिथं गेलो. टॉवरमधली एक आईही आली. तिचा मुलगा व्हरांड्यातल्या पाचवीत. एसीच्या गार फरशीवर पोरं पाढे म्हणत बसली. पोलीस आले, नाव विचारलं. मी सासर-माहेर दोन्ही सांगितलं.

दुपारची पाळी रद्द झाली. वर्गखोल्या झाल्या नाहीत. मुख्याध्यापक म्हणतात, आता समजुतीनं घ्या.

नाही घेणार. त्या जागेवर शाळेच्या भिंती उभ्या राहीपर्यंत मी रोज त्या ऑफिसच्या दारात बसणार. फ्लॅट बघायला येणाऱ्या प्रत्येक आईला सांगणार, इथं तुझ्या लेकराला बसायला जागा नाही. मग विकून दाखवा.