लोंबते दोरे

मास्तर, रागावू नका, पण तुमची ती फजिती मी सांगणारच.

मास्तर म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे शिंपी. बायको मांडीचं हाड मोडून महिनाभर इस्पितळात, आणि तिची लाडकी वेल मास्तरांच्या गळ्यात. सुपाएवढी पानं, जन्मतःच फाटलेली; खिडकीशेजारून पार छतापर्यंत चढलेली. मास्तर इस्पितळात गेले की बायको रोज विचारायची, "वेल कशी आहे हो?"

"मजेत," मास्तर खाली बघत म्हणायचे.

मजेत कसली! मायेपोटी रोज तांब्याभर पाणी. पानं पिवळी पडली, ती मास्तरांनी कात्रीने उडवली. शुक्रवारी बायको घरी येणार, आणि मंगळवारी खोड मातीपाशी लिबलिबीत! मास्तर धावत खाली आले. मी वर जाऊन कुंडी हुंगली.

"मुळं कुजलीत. वरचा जिवंत तुकडा कापून पाण्यात ठेवा. पेराशी तपकिरी मूळ लोंबतंय, असा बघा."

मास्तरांचा चेहरा पांढराफटक. "ती... मुळं होती?"

"मग काय वाटलं तुम्हाला?"

"लोंबते दोरे. दिसला की कापायचो. चाळीस वर्षांची सवय हो!"

मी कपाळाला हात लावला. मास्तर स्टुलावर चढून एकेक पेर चाचपू लागले. सगळी सफाचट, गिऱ्हाइकाला द्यायच्या सदऱ्यासारखी. शेवटी पडद्याच्या दांडीमागे, कात्री पोचली नव्हती तिथे, वीतभर मूळ सापडलं. एकच.

मास्तरांनी कात्री पेराखाली नेली आणि परत मागे घेतली. "कापड बिघडलं तर नवं देता येतं, बाई. हे बिघडलं तर?"

"कूज वर चढतेय. कापा!"

कापलं. ग्लासभर पाण्यात एक पान, एक मूळ.

शुक्रवारी बायको काठी टेकत आली. आधी रिकामी भिंत पाहिली, मग ग्लास. तिने ग्लास उजेडात धरला. मुळाचं टोक पांढरं, ताजं दिसत होतं.

"मजेत होती ना?"

मास्तरांनी हळूच कात्री पाठीमागे लपवली.

"पाणी आता मी बघेन. कात्री या खोलीत दिसली तर याद राखा! हिला चढायला काथ्याचा खांब तेवढा आणा. आणि या खालच्या बाईंना बरोबर न्या, नाहीतर भलतंच उचलून आणाल."

आज वेलीला चार पानं आहेत. ती खुर्चीच्या पाठीला बांधलेली आहे, म्हणून त्या खुर्चीवर कोणाला बसता येत नाही. खांब आणायला आपण शनिवारी जाणार होतो, मास्तर. कुठला शनिवार, ते तुम्हीच सांगा.