जूनमधली मोजणी

भालचंद्र आयरे आमच्या ऑफिसात नकाशे काढायचा. गुडगावात शेतं संपून सेक्टर सुरू होत होते, त्या दिवसांतली गोष्ट. आमची कंपनी घरं बांधायची, निदान विकायची तरी. मी खरेदी खात्यात. एवढ्या माणसांत मराठी आम्ही दोघंच, म्हणून डबा एकत्र खायचो. एरवी आमचं जमण्यासारखं काही नव्हतं. मी पुण्याचा, बोलल्याशिवाय मला घास उतरत नाही. तो दापोलीकडच्या एका खाडीकाठचा, विचारल्याशिवाय तोंड उघडेल तर शपथ.

आयरे सदा दमलेला असायचा. सकाळी नळ कोरडा म्हणून टँकरमागे धावायचा, मग शेअर ऑटोत अर्धा आत, अर्धा बाहेर बसून यायचा, आणि दिवसभर टेबलावर वाकून दुसऱ्यांच्या बाल्कन्या आखायचा. त्याची बायको सुमित्रावहिनी मला म्हणायची, "भावजी, हे घरी येतात म्हणजे चपला काढून आडवे होतात, एवढंच."

पण जानेवारी जवळ आला की गडी वेगळाच. दर जानेवारीत देशभरातली हौशी माणसं आपापल्या तळ्यांवर, खाड्यांवर जाऊन पाणपक्षी मोजतात. आयरे आपल्या गावच्या खाडीवरचे मोजायचा. सत्त्याऐंशी सालापासून त्याचं एकही वर्ष चुकलं नव्हतं. दिल्लीकडे नोकरी लागल्यावरसुद्धा दोन दिवस जायला, दोन यायला, आणि मध्ये ती मोजणी, असा त्याचा नेम होता. बाकी वर्षभर तो सुट्टी म्हणून घ्यायचा नाही. तापातही कामावर यायचा.

"इथले मोज की," मी एकदा म्हटलं. "हरियाणातल्या पक्ष्यांनी काय पाप केलंय?"

"मोजतो ना, रविवारी जातो कधीकधी. पण खाडीवर वेळ गाठावी लागते, श्याम. ओहोटीला पक्षी चिखलभर पसरतात, दोनशे असले तर वीस दिसतात. पूर्ण भरतीला पाणी त्यांना रेटत रेटत एका वाळूच्या दांड्यावर आणतं. चिखले, तुतारी, कुरव, सगळे एका जागी. तेवढ्या पाऊण तासात मोजायचं."

वेळ काढायची रीतही त्यानं सांगितली. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असली तर सहाला भरती. त्याच्या टेबलामागे तिथ्यांचं मराठी कॅलेंडर टांगलेलं असायचं आणि चहा पिता पिता तो घड्याळ बघून म्हणायचा, "आता पाणी चढायला लागलं असेल." आजूबाजूला शेकडो मैल समुद्र नाही! मी मनसोक्त चेष्टा करायचो. "आयरे, पंचांग बघून टँकरची वेळ सांग की रे!" तो हसायचा. दमलेला माणूस हसतो तसं, अर्धवट.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात ऑफिसात फतवा निघाला. जानेवारीत नवी बुकिंगं सुरू होणार, त्या महिन्यात कुणालाही सुट्टी नाही. आयरेनं त्या दिवशी डबा उघडलाच नाही. दहा वर्षांहून जास्त चाललेली ती एक गोष्ट तुटणार होती, आणि तिच्याशिवाय त्याच्याकडे स्वतःचं म्हणावं असं काही नव्हतं.

जूनमध्ये आमच्या खुराना साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. मी फाइल घेऊन तिथेच उभा होतो. मानेसरच्या रस्त्याला कंपनीनं सखल जमीन घेतली होती. पावसानंतर तिथे पाणी साठून राहायचं. गावकरी तिला नुसतं झील म्हणत. कर्ज देणाऱ्या परदेशी बँकेनं विचारलं होतं की या जागेवर पाणपक्षी आहेत का, ते जाणकाराकडून मोजून घेऊन कळवा.

"आयरे जी, आप से बड़ा जानकार कौन है? कल जाइए, गिनिए, जो दिखे लिख दीजिए."

"साब, जून में तो सूखी रहती है. पंछी सर्दी में आते हैं."

"बैंक सर्दी तक नहीं रुकेगा. और मैं झूठ थोड़े ही लिखवा रहा हूँ." साहेबांनी चष्मा काढून पुसला. "जनवरी की आपकी छुट्टी मेरी तरफ़ से पक्की."

बाहेर आल्यावर आयरे जिन्यात थांबला. "ही ओहोटीची मोजणी आहे रे," तो म्हणाला.

शहाणपणा शिकवायची मला भारी हौस. "खोटं कुठे लिहितोयस? दिसेल ते लिही, तारीख टाक, सही कर. तू नाही म्हटलंस म्हणून ती जमीन वाचणार आहे का? तुझी खाडी तरी सांभाळ."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कंपनीच्या जीपनं गेलो. भेगाळलेली जमीन आणि वरून आग. दोन टिटव्या, चार गायबगळे, तारेवर एक खंड्या. एकूण सात. आयरे दोन तास उन्हात फिरून ते सातच पुन्हा पुन्हा मोजत राहिला आणि मी जीपमधून हाका मारत राहिलो. त्याच्या टिपणाचं इंग्रजी मी नीट केलं आणि टाइप करून दिलं. शेवटी त्यानं एक ओळ घातली होती, की हिवाळ्यात पुन्हा मोजणी करावी. ती मी खोडली. "ही ठेवलीस तर सुट्टी विसर," मी म्हटलं. त्यानं सही केली.

बँकेनं कर्ज मंजूर केलं. दिवाळीनंतर झिलेत एका बाजूनं भराव पडायला लागला, आणि त्याच सुमारास पक्षी उतरले. आयरे दर रविवारी तिकडे जातो आणि आल्यावर जेवत नाही, हे मला वहिनीकडून कळलं. मी म्हटलं, खाडीवर जाऊन आला की होईल ठीक. त्याचं तिकीट निघालेलं होतं.

जानेवारीतला दुसरा रविवार. दुपारी दार वाजलं, तर आयरे दारात. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला.

"अरे, तू गेला नाहीस?"

"तिकीट परत केलं." त्यानं खिशातून कागद काढला. थापट्या, तलवार बदकं, शेकाटे, चक्रवाक. प्रत्येकापुढे आकडा, खाली बेरीज: अकराशे चाळीस. "डंपर चालूच होते. पक्षी घाबरून उठतात आणि फिरून त्याच उरलेल्या पाण्यात येऊन बसतात. दुसरीकडे जायचंच ठाऊक नाही त्यांना." तो खुर्चीत बसला. "जूनसारखंच टाइप करून दे. खाली लिही, जूनची मोजणी धरू नये."

मी या वेळी एक शब्दही खोडला नाही. सोमवारी त्यानं तो कागद साहेबांपुढे ठेवला. साहेब चिडलेसुद्धा नाहीत. "ये फ़ाइल तो बंद हो गई, आयरे जी," म्हणाले आणि कागद ड्रॉवरमध्ये टाकला. वर म्हणाले, "इस जून में दो ज़मीनें और देखनी हैं. आपकी रिपोर्ट बैंक को बहुत पसंद आई थी."

आयरे जागेवर येऊन बाल्कन्या आखायला लागला. जून यायच्या आत त्यानं नोकरी सोडली आणि पानिपतला एका कापडाच्या कारखान्यात लागला. तिथल्या इमारतींच्या नकाशांचंच काम, पण जास्त राबवणारं.

सामान ट्रकमध्ये चढवायला मी गेलो होतो. खाडीच्या मोजणीची वही वर होती म्हणून उघडून पाहिली. अठ्ठ्याण्णव सालासमोर त्यानं लिहिलं होतं, "गेलो नाही." कारण लिहिलं नव्हतं. मला त्यानं कधी बोल लावला नाही. एक शिवी जरी हासडली असती तरी मला बरं वाटलं असतं. ट्रक सुरू झाला तेव्हा त्यानं खाली वाकून माझा हात धरला आणि टाइप करून दिल्याबद्दल माझे आभार मानले.